बंड्या गेला, ठमी आली : जेल रोडच्या आमच्या दवाखान्याबद्दल

घरातलं म्हातारं कुत्रं गेलंय, नवीन पिल्लू आणावं की आणू नये, आणलंच तर कधी आणि कसं, या विचारात जे कोणी असतील त्यांच्यासाठी मी हे सविस्तर लिहिते आहे. पाच स्टार देऊन 'छान आहे' एवढंच लिहिणं मला पटेना. आमच्या बंड्या कुत्र्यावर १३ वर्षं प्राण्यांच्या याच डॉक्टर मॅडमकडे उपचार होत होते आणि आता नवीन पिल्लाला, ठमीलाही आम्ही इथेच आणतो. कुत्रं जाताना आणि नवीन येताना, दोन्ही वेळेला घरातल्या माणसांशी कसं वागायचं हे या दवाखान्याला कळतं, असं माझं मत आहे. का, ते सांगते.

दवाखाना लहान आहे. नाशिकरोडला जेल रोडच्या आतल्या गल्लीत एक गाळा, बाहेर दोन बाकडी, आत स्टीलचं टेबल आणि वजनकाटा. एक्स-रे आणि सोनोग्राफी इथे होत नाही, त्यासाठी मॅडम नाशिकला पाठवतात. रक्त मात्र इथेच घेतात आणि रिपोर्ट आला की स्वतः फोन करून ओळ न् ओळ समजावतात. लसींचे दर भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेले असतात, त्यामुळे पैसे देताना कुणालाच ओशाळल्यासारखं होत नाही.

बंड्या गावठी, तपकिरी, एक कान कायम पडलेला. आमचे हे प्रेसमध्ये होते, तेव्हा सेकंड शिफ्टवरून येताना रेनकोटच्या आत घालून त्याला घेऊन आले होते. शेवटच्या वर्षात त्याचं पाणी पिणं एकदम वाढलं, अंग उतरत गेलं, तोंडाला उग्र वास यायला लागला. रक्त तपासल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, फार वाढलेलं निघालं. ह्यांनी ते मनाला लावून घेतलं. पोळी-भाजी दिली म्हणून झालं, उशिरा आणलं म्हणून झालं, असं रात्रंदिवस चाललेलं. मॅडमनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की कुत्र्याच्या मूत्रपिंडाचं जवळपास तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन फारसं वाढतच नाही. तोवर कुत्रं वरून चांगलं दिसतं, खातं, खेळतं. "काका, तुम्हाला दिसलं त्याच्या आधी ते कुणालाच दिसलं नसतं," हे त्यांचं वाक्य ह्यांना औषधासारखं लागू पडलं.

कातडीखाली सलाईन कसं द्यायचं ते त्यांनी आम्हाला शिकवलं. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून तंबूसारखी धरायची आणि सुई तिथे आडवी घालायची. पहिल्यांदा माझे हात थरथरले, पण मॅडमनी स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवून ते करून घेतलं. त्यानंतर रोज दवाखान्यात न्यायची गरज उरली नाही. बंड्या त्याच्या जागी, माझ्या गोधडीवर पडून सलाईन घ्यायचा. दुसरं एखादं ठिकाण असतं तर रोज बोलावून रोज बिल केलं असतं. इथे आम्ही फक्त बाटल्या आणि सुया विकत घेत होतो.

शेवटचा निर्णय कधी घ्यायचा, हे आम्ही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून ठेवलं होतं. तो आपणहून उठून खायला येतोय का, तुम्ही दारात आलात की शेपटी हलते का, रात्री झोप लागते का, एवढं कॅलेंडरवर रोज लिहा म्हणाल्या. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त व्हायला लागले की मला फोन करा. आम्ही कालनिर्णयवर फुल्या आणि गोल काढत होतो. फुल्या वाढल्या तसा ह्यांनीच फोन केला.

त्या घरी आल्या. आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि तो ह्यांच्या मांडीवर पूर्ण झोपेपर्यंत थांबल्या. मग दुसरं. छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या आणि मगच मान हलवली. सासूबाईंनी त्याच्या तोंडात गंगाजल घातलं, तेव्हा मॅडम चप्पल काढून बाजूला उभ्या राहिल्या. त्या दिवशी पैशाचा विषय त्यांनी काढला नाही. बंड्याला आम्ही निफाड तालुक्यात माझ्या भावाच्या मळ्यात, बांधावर पुरलं. खड्डा चांगला खोल घ्या आणि विहिरीपासून लांब घ्या, हेही त्यांनी निघताना आठवणीने सांगितलं होतं.

त्यानंतर जो भेटेल तो एकच सांगायचा, दुसरं आणा, विसराल. एका दुकानात मी बंड्याची उरलेली औषधं परत घेतात का ते विचारायला गेले होते, तर तिथल्या माणसाने लगेच मोबाईलवर लॅब्रॅडॉरची पिल्लं दाखवायला सुरुवात केली. डोळेही नीट उघडले नव्हते त्यांचे. मला त्या माणसाचा फार राग आला. मॅडमनी मात्र 'दुसरं आणा' असं एकदाही म्हटलं नाही. ह्यांचं हिशेबाचं काही राहिलं होतं म्हणून आम्ही गेलो, तर ह्यांना पाणी दिलं आणि बंड्याच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या. बाहेर रांग होती, तरी.

दिवाळीनंतर मळ्यातली कुत्री व्यायली. पॅकिंग शेडच्या कोपऱ्यात, रिकाम्या कॅरेटच्या आडोशाला तिने पिल्लं घातली. भावाने ह्यांना एक फोटो पाठवला आणि ह्यांनी तो दिवसभर उघडून पाहिला. भाऊ म्हणाला, महिन्याचं झालं की घेऊन येतो. मी आधी मॅडमना फोन केला.

त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. ८ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लू आईजवळच राहू द्या. दुधासाठी तर खरंच, पण त्याहून मोठं कारण भावंडांचं. खेळताना जोरात चावलं की दुसरं पिल्लू किंचाळतं आणि खेळणं थांबवतं, त्यातून दात किती लावायचा हे ते शिकतं. महिन्याभराचं उचलून आणलेलं पिल्लू हे शिकलेलं नसतं आणि मग घरातली पोरंबाळं, म्हातारी माणसं ओरबाडली जातात. आमच्या घरी सासूबाई आहेत, त्यांची कातडी कागदासारखी पातळ झालेली. त्यामुळे हे ऐकायलाच हवं होतं. तोवर मळ्यातच पिल्लांना दर १५ दिवसांनी जंताचं औषध पाजायचं, कारण गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. वजनाप्रमाणे किती मिली द्यायचं ते त्यांनी भावाला फोनवर लिहून घ्यायला लावलं.

आणि तोवर घर तयार करा, असं म्हणाल्या. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पिल्लू आणणारे बहुतेक जण बिछाना आणि खेळणी आणतात आणि याचा विचार करत नाहीत.

बंड्याची गोधडी मी टाकायला तयार नव्हते. माझ्या आणि माझ्या आईच्या जुन्या लुगड्यांची, मी हाताने शिवलेली. ती नवीन पिल्लाला चालेल का, की जाळून टाकावी लागेल, हे मी भीत भीत विचारलं. त्यांनी आधी विचारलं, बंड्या कशाने गेला? मूत्रपिंडाने. तो आजार गोधडीतून लागत नाही, म्हणाल्या. पण दोन वर्षांपूर्वी त्याला गोचिडाचा ताप येऊन गेला होता, त्याची नोंद त्यांच्याकडे होती. हे गोचीड घराच्या भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, पलंगाच्या सांध्यात लपून राहतात, कित्येक महिने काही न खाता जगतात आणि नवीन कुत्रं आलं की बाहेर पडतात. म्हणून गोधडी उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात टाका, कापसाची गादी मात्र काढून टाका, चौकटीच्या फटी भरून घ्या, आणि गोचिडाचं औषध फवारून घर पूर्ण वाळल्यावरच पिल्लू आत आणा. आम्ही रंगाऱ्याला बोलावून सगळ्या फटी पुट्टीने बुजवल्या. वाटी धुऊन वापरली तरी चालेल म्हणाल्या. गोधडीबद्दल शेवटी एवढंच बोलल्या, "काकू, ती पिल्लालाच द्यायला पाहिजे असं नाही. धुऊन कपाटात ठेवा. पिल्लासाठी नवीन शिवा." मी नवीन शिवली.

हेच बंड्या पार्वोने, म्हणजे कुत्र्यांच्या एका विषाणूच्या आजाराने गेला असता तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं, हे मला माहीत आहे, कारण आमच्या शेजारच्यांचं पिल्लू पार्वोने गेलं तेव्हा मी त्यांच्यासोबत इथे आले होते. रक्ताची हगवण, उलट्या, आणि दोन दिवसांत संपलं. त्यांना मॅडमनी सांगितलं होतं, की हा विषाणू जमिनीत, अंगणात महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही. ब्लीच लागतं, १ भागाला साधारण ३० भाग पाणी, ते फरशीवर १० मिनिटं राहू द्यायचं आणि मग धुवायचं. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. आणि अंगणातल्या मातीला ब्लीचने काही होत नाही, म्हणून पुढचं पिल्लू आणायचं तर वर्षभर थांबा, नाहीतर लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रं दत्तक घ्या. शेजाऱ्यांनी तसंच केलं.

ठमी आली ती संक्रांतीच्या सुमाराला. निफाडकडे तेव्हा द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटत होत्या, इतकी थंडी. काळी, छातीवर पांढरा पट्टा, पोट टम्म. लोक म्हणतात, बंड्याच परत आला. सासूबाईसुद्धा म्हणाल्या. मला ते मान्य नाही. ठमी ठमी आहे आणि तिला तिच्या नावाने यायचा हक्क आहे.

पहिल्याच भेटीत मॅडमनी कोरं कार्ड काढून वर तिचं नाव लिहिलं. ह्यांचं मात्र प्रत्येक वाक्य बंड्यावर जात होतं. बंड्या असा रडायचा नाही, बंड्या पहिल्या दिवसापासून अंगणातच जायचा, बंड्याने कधी काही फाडलं नाही. रात्री ठमी कण्हायची आणि हे तोंड फिरवून झोपायचे. आणलं खरं, पण जवळ घेत नव्हते. मी हे मॅडमना सांगितलं नव्हतं, त्यांनी ते बघूनच ओळखलं. त्यांनी खालचा खण उघडला आणि बंड्याचं पहिलं कार्ड शोधून ह्यांच्या हातात दिलं. या दवाखान्यात अजून कागदाची कार्डं आहेत आणि त्या एकही फेकत नाहीत. त्यावर १३ वर्षांपूर्वीच्या त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : रात्रभर रडतो, मालकांची झोप नाही. पुढच्या तारखेला : चपलेचा पट्टा गिळला. त्याच्या पुढे : घरात शी, फटका मारू नये असे सांगितले. हे चष्मा काढून वाचत बसले. मग म्हणाले, हो, बाटाची नवी चप्पल होती ती. आणि ठमीला टेबलावरून स्वतः उचललं.

मेलेलं कुत्रं आपल्या मनात फार शहाणं होऊन बसतं आणि आलेल्या पिल्लाला त्याच्याशी झुंजावं लागतं. हे आमच्या घरी कुणीतरी ओळखणं गरजेचं होतं आणि ते मॅडमनी एका कार्डाने केलं. त्या रात्रीपासून टोपली ह्यांच्या पलंगाशेजारी आली. रडली की हे नुसता हात खाली सोडायचे.

लसींबद्दल त्यांनी जे समजावलं ते मला पूर्वी कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या दुधातून आलेली रोगाशी लढायची ताकद पिल्लाच्या अंगात काही आठवडे असते आणि तीच लसीला काम करू देत नाही. ती नेमकी कधी उतरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून एका लसीवर भागत नाही. ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, आणि शेवटची १६ आठवडे झाल्यावर. रेबीजची ३ महिन्यांनंतर. नाशिकला पावसाळ्यात पाणी साचतं, उंदरांचं मूत त्यात मिसळतं, म्हणून लेप्टोची, म्हणजे त्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची लस चुकवू नका हेही बजावलं.

लसी पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर सोडायचं नाही, पण घरात कोंडूनही ठेवायचं नाही. साधारण ३ महिन्यांपर्यंत पिल्लू जे आवाज, जी माणसं बघतं त्यांची भीती त्याला पुढे वाटत नाही, म्हणून कडेवर घेऊन हिंडवा, असं त्यांनी ह्यांना सांगितलं. मला, मुलाला नाही, मुद्दाम ह्यांनाच. बंड्या गेल्यापासून ह्यांचं फिरणं बंद झालेलं. आता कापडी पिशवीत ठमीला घालून हे रोज निघायला लागले. बिटको चौकातली गर्दी, मुक्तिधामची घंटा, स्टेशनवरची गाडी, दसकचा घाट. सगळं तिने पिशवीतून मान काढून बघितलं. ह्यांची शुगरही उतरली.

आता द्राक्षांचं. या दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत मोठा तक्ता आहे : द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, चिंच, चॉकलेट. कुत्र्याला देऊ नये. आमच्या जिल्ह्यात हे प्रत्येक घरी लावायला पाहिजे. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत घराघरात द्राक्षाची पाटी पडलेली असते आणि लासलगावचा कांदा बारा महिने. द्राक्षाने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ली तर चालतील असं काही प्रमाण नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं आणि दुसरं थोडक्यात जातं. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावं, असं अलीकडच्या संशोधनात पुढे आलं आहे आणि ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून आपल्या आमटीचा भातही नको. कांदा शिजवलेला असला तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

ठमीच्या दुसऱ्या लसीला आम्ही बाकावर होतो तेव्हा दिंडोरीकडून एक मुलगा कुत्रं घेऊन मोटारसायकलवर आला. तासाभरापूर्वी बागेत पडलेले मणी खाल्ले होते. मॅडमनी सगळ्यांना थांबवून त्याला आधी घेतलं आणि कुणी कुरकुर केली नाही. त्याच्या वडिलांनी मिठाचं पाणी पाजायला सांगितलं होतं. मुलाने फोन करून विचारलं म्हणून वाचलं, कारण मिठाने वेगळीच विषबाधा होते. इंजेक्शन देऊन उलटी करवली, मणी अख्खेच्या अख्खे बाहेर पडले. मग सलाईन लावलं, दोन दिवस चालू ठेवायला सांगितलं आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासायला बोलावलं. पुढे एकदा तेच कुत्रं मी वजनकाट्यावर बसलेलं पाहिलं. भावाकडून येणारं कॅरेट आम्ही आता थेट वरच्या माळ्यावर चढवतो.

मॅडम खाद्याच्या पिशव्या गळ्यात मारत नाहीत. पिल्लांचं खाद्य आणि त्यासोबत भात, उकडलेलं अंडं, चिकन चालेल म्हणाल्या. गाईच्या दुधाने जुलाब होतात म्हणून दूध-पोळी बंद करायला लावली, ते सासूबाईंना फार जड गेलं.

उणं आहे तेही लिहिते. संध्याकाळी सातनंतर फार गर्दी होते आणि कुत्री-मांजरं एकाच बाकड्यावर येतात. लसीच्या तारखेची आठवण करून देणारा मेसेज येत नाही, कार्ड स्वतः बघावं लागतं. रात्री मॅडम फोन उचलतात पण दरवेळी येऊ शकत नाहीत, कुठे न्यायचं ते सांगतात. रविवारी संध्याकाळी बंद. गल्ली अरुंद आहे, चारचाकी आत घालू नका. उलट्या-जुलाबाचं पिल्लू असेल तर ते आत घेत नाहीत, मदतनीस दादा बाहेर रिक्षातच थांबायला सांगतात आणि मॅडम तिथे येऊन तपासतात. पहिल्यांदा येणाऱ्याला हे अपमानास्पद वाटतं, पण आत लस न झालेली पिल्लं असतात, म्हणून तो नियम बरोबरच आहे. तुमचंही पिल्लू लहान असेल तर त्याला इथल्या फरशीवर ठेवू नका, मांडीवरच घ्या.

ठमीची नसबंदी सहा महिन्यांनंतर इथेच करायची ठरली आहे. आणि ज्यांचं कुत्रं नुकतंच गेलं आहे, ज्यांना अजून पिल्लूबिल्लू काही नको आहे, फक्त विचारायचं आहे, त्यांनी नंबर लावताना तसं दादांना सांगावं. मॅडम त्यांना सगळ्यात शेवटचा नंबर देतात, म्हणजे मागे कुणी खोळंबत नाही आणि निवांत बोलता येतं.